पाच शून्यं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेपाचला, लखनौच्या निशातगंजात गच्चीवर जाणं हे शहाण्या माणसाचं काम नव्हे. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं तर ते वाहण्याआधीच सुकतं. काका तरीही रोज जातात. हातात लांबट वही, खिशाला पेन, डोक्यावर ओला पंचा. त्या दिवशी मीही त्यांच्या मागोमाग जिना चढले, कारण दुपारचा वाद अर्धाच राहिला होता.

वादाचं मूळ माझ्याकडेच होतं. मी कोकणात एका कॉलेजात मराठी शिकवते. साहित्यातल्या वादळांवर दिवाळी अंकासाठी लेख कबूल करून बसले होते आणि त्याची पहिली दोन पानं जेवताना काकांना वाचून दाखवली. काका हवामान खात्यात होते. पस्तीस वर्षं निरीक्षक, त्यातली बरीचशी अमौसीच्या विमानतळावर. कढीभात संपेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "दोन पानांत 'वादळापूर्वीची शांतता' तीनदा आली. तू पाहिलीयस का गं ती कधी?"

"असं काय करता काका? सगळ्यांनीच पाहिलेली असते."

"सगळ्यांनी ऐकलेली असते," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

गच्चीवरून निशातगंजाच्या गल्ल्या दिसतात. इथे गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत; पहिली गली, दुसरी गली असंच पत्त्यात लिहितात. एका बाजूला करामत मार्केटची गर्दी, दुसऱ्या बाजूला पेपर मिल कॉलनीची झाडं, आणि पलीकडे गोमती आहे हे माहीत असलं तरच कळणारी. खाली कोपऱ्यावर समोसेवाल्याची भट्टी पेटली होती. काकांनी पेनानं तिकडे दाखवलं.

"धूर बघ. कसा चाललाय?"

"सरळ वर."

"बोफर्टच्या मापात शून्य."

फ्रान्सिस बोफर्ट हा इंग्रजी आरमारातला अधिकारी. त्याचं हे माप 1805 सालचं, शून्यापासून बारापर्यंत. काकांचा तो आवडता माणूस. "त्याच्याकडे वारा मोजायचं यंत्र नव्हतं," ते म्हणाले. "म्हणून त्यानं वाऱ्याला आकडा दिलाच नाही. वाऱ्यानं जहाजाच्या शिडांचं काय होतं, त्याला आकडा दिला. पुढे जमिनीसाठी तसंच केलं. धूर सरळ गेला की शून्य. झाडं मुळापासून उपटली की दहा, आणि दहाचंच नाव वादळ. तुम्ही लेखक लोक थेट वादळ लिहिता आणि झाड कुठलं पडलं ते सांगतच नाही."

"बरं. मग आत्ता शून्य आहे, उकडतंय, पान हलत नाही. हीच ना वादळापूर्वीची शांतता?"

"ते मी तुला रात्री आठला सांगेन."

मी हसले, पण काका हसले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. लखनौच्या मेमध्ये दिवसभर पछुआ वाहते, पश्चिमेचा तापलेला वारा, म्हणजे लू. संध्याकाळी ती दमते. पुरवा, म्हणजे पूर्वेची हवा, सुटलेली नसते. मधल्या वेळात हवा बंद. अशा संध्याकाळी उन्हाळ्यात कितीतरी येतात आणि त्यांतल्या बहुतेकींनंतर काहीही होत नाही. लोक कूलर लावून झोपतात. उलट कित्येक आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, रात्री दोन-तीनला, चालत्या वाऱ्यावरच येऊन कोसळतात. "शांतता वादळापूर्वीची होती हे वादळ येऊन गेल्यावर ठरतं," ते म्हणाले. "आधी ती नुसती शांतता असते. ज्या शांततेनंतर काहीच झालं नाही, तिला तुमच्या साहित्यात कोण विचारतो?"

"पण काका, गोष्ट मागे वळूनच सांगतात. झालेल्याचीच गोष्ट होते. नवरा घर सोडून गेला की बाई आठवते, आदल्या रात्री तो किती शांत जेवला होता. ते हवामान नाही, ती आठवण आहे. आठवणीला पुराव्याची गरज नसते."

"आठवण म्हण मग. शांतता कशाला म्हणतेस?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

वही उघडून त्यांनी एक जुनं पान दाखवलं. विमानांसाठी हवेचा अहवाल जातो त्यात वाऱ्याला पाच आकडे असतात. पहिले तीन दिशेचे, पुढचे दोन वेगाचे. वारा पडला की पाचही जागी शून्य. नोकरी सुटली तरी घरच्या वहीत त्यांनी तीच पद्धत ठेवली आहे. "शांत असं लिहायची सोय नव्हती आणि कधी गरजही पडली नाही," ते म्हणाले. "पाच शून्यं बघून वैमानिकाला कळायचं." शेवटी एक अरुंद रकाना होता, शेऱ्याचा. त्यात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं: पश्चिमेला वीज, उत्तरेला धुळीची भिंत.

"लखनौ शेरांचं शहर," मी म्हटलं, "आणि तुम्ही शेऱ्यावर भागवलंत."

एवढं मात्र त्यांना आवडलं.

माझा लेख लिहिताना एक गोष्ट लक्षात आली होती, ती मी त्यांच्यापुढे ठेवली. 'वादळापूर्वीची शांतता' आणि 'पेल्यातलं वादळ' हे आपले दोन्ही लाडके वाक्प्रचार बहुधा इंग्रजीतून, वर्तमानपत्रांच्या वाटेनं आले असावेत. जुन्या मराठी बोलीत वादळापेक्षा वाऱ्याचीच चलती आहे. वासरू वारा पितं. पोरं वाऱ्यावर सोडली जातात. एखादा माणूस वाऱ्याला उभा राहत नाही. आणि वारा स्वतः 'सुटतो' नि 'पडतो', दावं तोडून धावलेल्या आणि दमून बसलेल्या जनावरासारखा. शांततेसाठी आपला शब्द निवांत. कोशकार काय म्हणतील ते म्हणोत, मला तो गीतेतल्या निवात जागच्या दिव्याचा सख्खा नातेवाईक वाटतो. म्हणजे जिथे वारा नाही, ते निवांत. त्यात पुढे काय येणार याची भीती नाही.

"हे लिही," काका म्हणाले. "यात तू काहीतरी पाहिलंयस."

"आणि कोळ्यांकडे तर शांततेची तारीखच असते. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की दर्या शांत व्हायचा. तिथे वादळाआधी शांतता नाहीच, वादळाच्या दोन महिन्यांनंतरची आहे. होड्या शाकारून ठेवायच्या आणि वाट बघायची."

"वाट बघणं हे हवामान खात्याचंही निम्मं काम."

तेवढ्यात काकू सरबताचे पेले घेऊन वर आल्या. त्यांचं माहेर लखनौचंच. भातखंड्यांनी 1926 मध्ये इथे मॅरिस कॉलेज काढलं, जे आज भातखंडे विद्यापीठ म्हणून चालतं, तिथे त्या गाणं शिकल्या. त्यांना आमचा वाद थोडक्यात सांगितला. त्या म्हणाल्या, "मियाँ मल्हारात गडगडाटाची नक्कल कोणी करत नाही. खाली मंद्रात दोन निषाद शेजारी शेजारी लावायचे आणि गांधार हलता ठेवायचा. ढग तिथेच येतो. आणि तुम्ही दोघं खाली या, ऊन उतरलं नाहीये अजून." आणि त्या गेल्यादेखील. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यांत कमी बोलून सगळ्यांत जास्त त्याच सांगून गेल्या, पण आम्ही दोघंही तेव्हा ऐकण्याच्या स्थितीत नव्हतो.

काकांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. एखाद्या मंत्र्यानं काही बोलावं आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'वादळ उठलं' असं छापून यावं, हे त्यांना सहन होत नाही. "2018 च्या मेमध्ये, 2 तारखेच्या रात्री, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात आंधी आली. शंभरावर माणसं गेली. आग्र्याकडे सगळ्यांत जास्त. लोक झोपलेले होते, अंगावर भिंती पडल्या, छपरं पडली. आता मला सांग, त्या शब्दावर मंत्र्याचा काय हक्क?"

"शब्दावर कोणाचाच सातबारा नसतो काका."

"नसेल. पण ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, त्यानं वादळ म्हणताना जरा दमानं घ्यावं."

मग ते बोलायचे थांबले, कारण पुढचा विषय आमच्या दोघांचा होता.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. त्या वर्षी तेरा देशांनी मिळून वादळांसाठी नवी नावं दिली होती, 169 नावांची यादी. त्यातलं हे पहिलंच, बांगलादेशनं सुचवलेलं. आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यातच. काकांनी आदल्या दिवशी लखनौहून चार फोन केले होते: कौलांवर दोर टाका, गोठा मोकळा करा, खिडक्यांपाशी बसू नका. आकडे त्यांचे बरोबर होते. सव्वादोनशे पोफळी होत्या. संध्याकाळी मोजल्या, एकोणीस उभ्या.

"तुम्ही तेव्हा विचारलंत, वारा कधी पडला," मी म्हटलं. "मी सांगितलं, पाचच्या सुमारास. त्यानंतरचं काही तुम्ही विचारलं नाहीत."

"वीज नव्हती, फोन लागत नव्हता."

"लागल्यावरही नाही विचारलंत."

ते गप्प राहिले. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद म्हणून आई रहाट ओढायला विहिरीवर गेली आणि रिकामी घागर घेऊनच परत आली. म्हणाली, पाण्यात आभाळ दिसतंय. पोफळीच्या वाडीतली विहीर ती. चाळीस वर्षांत तिच्या पाण्यात आईनं हिरव्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. घरात दुपारी ऊन यायला लागलं, ज्या कोनाड्यात कधीच नव्हतं तिथे. सावलीत वाढलेली जायफळाची झाडं वाऱ्यातून वाचली होती, ती पुढच्या उन्हात करपली. पाखरं नव्हती. आठवडाभरानं करवती आल्या आणि मग महिनाभर दिवसभर करवतीचाच आवाज. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. तिनं रोपं लावली.

"वादळ दोन-तीन तासांचं," मी म्हटलं. "त्यानंतरची शांतता अजून संपलेली नाही. तुमच्या मापात ती शून्य."

"शून्यच," काका म्हणाले. "वाऱ्याचं माप आहे ते. माणसांचं नाही." पण त्यांचा आवाज खाली आला होता.

मग मी त्यांना कॉनरॅडच्या 'टायफून'ची गोष्ट सांगितली. 1902 सालची ही लांब कथा, मी ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. तिच्यातला कप्तान मॅकव्हर हुबेहूब आमच्या काकांसारखा. त्याला उपमा कळत नाही. उकाड्यानं हैराण झालेला त्याच्या हाताखालचा अधिकारी म्हणतो, डोक्याला घोंगडी गुंडाळल्यासारखं होतंय. कप्तान गंभीरपणे विचारतो, कुणी गुंडाळली होती का कधी? का बरं? पुस्तकात वादळ चुकवायची युक्ती दिलेली असते. ती त्याला शाब्दिक खटाटोप वाटते आणि तो बोट सरळ वादळात घालतो. अर्ध्यात बोट वादळाच्या डोळ्यात येते. सगळीकडे फिरता काळा ढग, मध्ये वारा नाही, वर चांदण्या. आणि सगळ्यांना ठाऊक आहे की अजून निम्मं शिल्लक आहे, आणि आता वारा उलट्या बाजूनं येणार.

"बरोबर आहे. डोळा पुढे सरकला की दिशा फिरते."

"आता गंमत बघा. ते उरलेलं निम्मं वादळ कॉनरॅडनं लिहिलंच नाही. कप्तान एक साधं वाक्य बोलतो आणि पुढच्या प्रकरणात बोट बंदराला लागलेली असते, सगळ्या अंगावर मीठ चढलेलं. वादळाचा एवढा मोठा लेखक, त्यानं अर्धं वादळ बोटीच्या अवस्थेवरूनच ओळखायला लावलं."

"म्हणजे बोफर्टनं केलं तेच."

"तेच म्हणते मी. लेखकही तेच करतो, चांगला असेल तर."

काका थोडा वेळ धुराकडे बघत बसले. मग स्वतःहून म्हणाले, "नटसम्राट मी दादरला रजेवर असताना पाहिलं होतं. डॉ. लागू होते. त्यात तो म्हातारा स्वतःला तुफान म्हणवतो, ते मला खटकलं नव्हतं. का नाही खटकलं, याचा तेव्हा विचार केला नाही."

"कारण त्याच्या डोक्यावर छप्पर नसतं. शिरवाडकरांनी शेक्सपिअरचा लिअर घेतला, पण माळरानावरचं वादळ आणलं नाही. रंगमंचावर वारा नाहीच. घर शोधणारा माणूस आहे. तुमच्याच नियमात बसतं."

"बसतं," ते म्हणाले. काकांनी मान्य केलेलं हे त्या संध्याकाळचं पहिलं वाक्य.

छपराचं निघालं तसा मी मजाजचा विषय काढला. मी लखनौला आले होते ते खरं तर या उर्दू कवीची कबर बघायला. ती इथेच, निशातगंजच्या कब्रस्तानात आहे. निशात म्हणजे आनंद. आनंदाच्या बाजारात ही कबर. असरारुल हक मजाज, जन्म 1911, गाव रुदौली. 'आहंग' हा संग्रह 1938 चा. 'आवारा' ही त्याची कविता एका शहरात रात्रभर भटकते आणि शेवटाकडे सगळं मोडून फेकण्याच्या संतापाला पोचते. क्रांतीचं वादळ म्हणावं तर ते त्या पिढीत त्याच्याइतकं कुणाच्या आवाजात नव्हतं, असं माझं मत. आणि मरण कसं? डिसेंबर 1955. सांगतात ते असं की मित्रांबरोबर एका गुत्त्याच्या गच्चीवर पीत बसला होता; मित्र उठून गेले, हा थंडीत रात्रभर तिथेच राहिला. 5 डिसेंबरला गेला. वय चव्वेचाळीस.

"लखनौच्या डिसेंबरात रात्री वारा नसतो बहुतेक," काका म्हणाले. "धुकं असतं. स्वच्छ पाच शून्यं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते काव्य करत नव्हते. खरंच माहिती देत होते.

सातला दहा कमी असताना समोसेवाल्याचा धूर वाकला. आधी थोडा, मग एकदम आडवा. काका उभे राहिले. वायव्येकडचं आभाळ मातकट झालं होतं आणि त्याच्याखाली एक तपकिरी कड, सरकत येणारी. "वरून पाऊस पडतोय, पण खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतोय," ते भराभर सांगत होते, "त्यानं हवा थंड झाली, जड झाली, खाली आदळली, आता जमिनीवरून पसरत येतेय. चल, खाली चल."

आम्ही जिन्यात असतानाच ती पोचली. आंधी आणि अंधार हे एकाच घरचे शब्द का, ते मला त्या जिन्यात कळलं, पायरी दिसेना. दातांत धूळ करकरली. कुठेतरी पत्रा उडाला, कुणाची तरी पाण्याची टाकी घरंगळली, वीज गेली. काकूंनी खिडकीच्या फटीत ओली फडकी कोंबली होती. वीस मिनिटं घरात कोणीही बोललं नाही. मग टपोरे चार थेंब, आणि गारवा.

"आठ वाजले," मी म्हटलं. "सांगा आता. ती वादळापूर्वीची शांतता होती की नाही?"

"होती," काका म्हणाले. "आता होती."

काकू बॅटरी घेऊन मागच्या अंगणात गेल्या. शेजाऱ्यांच्या दशहरी आंब्याची एक फांदी आमच्याकडे झुकलेली, ती मोडून पडली होती. कैऱ्या पिकायला अजून पंधरवडा हवा होता. भिंतीपलीकडून शेजारीण हसत म्हणाली, तुमच्या बाजूला पडल्या त्या तुमच्या. मलिहाबादच्या आंब्याच्या बागांत त्या रात्री काय झालं असेल, याचा विचार आम्ही तिघांनीही केला आणि कुणी बोलून दाखवला नाही. काकूंनी कैऱ्या ताजव्यात टाकल्या. लोणच्याला पुरतील म्हणाल्या.

मी मेणबत्तीपाशी बसून लेखातली ती तीन वाक्यं खोडली. त्यांच्या जागी दुसरं काही सुचलं नाही. विहिरीतल्या आभाळाचं लिहिलं आणि पुढे गेले.

साडेदहाला काकांनी वही उघडली. वाऱ्याच्या रकान्यात पाच शून्यं लिहिली. मग पेन तसंच धरून थोडा वेळ थांबले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: कैऱ्या, अडीच किलो.